गॅस बंद केल्याचा आवाज

"दिवे लावा," आई म्हणाली.

फिल्म संपलेली नव्हती. पडद्यावर, कोपऱ्यात गुडघे जवळ घेऊन बसलेल्या एका मुलीच्या अंगावर मोठ्या हाताची सावली चढत होती आणि मागे व्हायोलिन रडत होतं. रफिक तडवींनी उठून बटण दाबलं. ट्यूबलाइट लुकलुकत लागली. पडद्यावरची सावली फिकी पडली आणि आम्ही चौघं एकमेकांना दिसू लागलो.

"शेवटची ओळ राहिली, मॅडम," निनाद परचुरे म्हणाले. "तुमचीच ओळ आहे ती."

"वाचलीय मी ती. मी ती म्हणणार नाही."

परचुरे पुण्याहून आले होते. फिल्म त्यांनी केली होती, आणि चांगल्या मनाने, फार कमी मोबदल्यात केली होती. तडवींची संस्था जळगावात मुलांसाठी काम करायची. मुलांवर होणाऱ्या अत्याचारांबद्दल जिल्हाभर जाहिरात करायची परवानगी त्यांना खूप खेटे घातल्यावर मिळाली होती. सोमवारपासून थिएटरांत, एसटी स्टँडवर आणि रेडिओवर ती लागणार होती. रेडिओसाठी आवाज हवा होता तो आईचा. सुनंदा नारखेडे हे नाव जिल्ह्यातल्या स्वयंपाकघरांत माहीत होतं, कारण दुपारचा बायकांचा कार्यक्रम ती कितीतरी वर्षं करत होती. मंडईत तिने नुसता भाव विचारला तरी भाजीवाल्या मान वर करून बघायच्या.

ती ओळ अशी होती : राक्षस तुमच्या आसपास आहे. जागे व्हा.

संस्थेचं ऑफिस केळीच्या वखारीच्या वर होतं. मार्चची दुपार होती. कूलर चालू होता आणि त्याच्या ओलसर वाऱ्याबरोबर पिकायला घातलेल्या केळ्यांचा गोड वास वर येत होता. तडवींच्या टेबलावर एक लाल टेलिफोन होता. हेल्पलाइनचा. आम्ही गेल्यापासून तो वाजला नव्हता. तडवी बोलता बोलता अधूनमधून त्याच्याकडे बघायचे.

"ताई, तो वाजत नाही हेच माझं दुखणं आहे," ते म्हणाले. "मुलं कमी पडत नाहीत. फोन करणारी मोठी माणसं कमी पडतात."

मी तिथे होते कारण मी पुण्यात कॉलेजात जनसंचार शिकवायचे आणि सुट्टीला घरी आले होते. जाहिरात माणसाला कशी वळवते हा माझ्या शिकवण्याचा विषय. तडवींनी मला बघून मत द्यायला सांगितलं होतं. मी वर्गात बोलते तसं बोलले. म्हटलं, ही फिल्म तीन गोष्टींवर उभी आहे. आधी भीती, मग दया, आणि शेवटी पांढरा कोट घातलेले डॉक्टर टक्केवारी सांगतात ते, म्हणजे अधिकार. तिन्ही नीट वापरल्यात. सावलीवरून नजर हलत नाही. पण भीतीची एक अडचण असते. राक्षस जितका भयंकर दाखवावा तितका बघणाऱ्याला तो परका वाटतो. बाई म्हणते, आमच्याकडे येणारे तर असे नाहीत; चष्मा लावतात, हसून बोलतात. ती घाबरते आणि त्याच वेळी निर्धास्तही होते. दयेचंही तसंच. डोळ्यांत पाणी आलं की आपण काहीतरी केलं असं वाटतं, आणि पाणी पुसलं की ते संपतं.

परचुरे शांतपणे ऐकत होते. त्यांना राग आला नाही. "तुम्ही म्हणता ते वर्गात खरं आहे, बाई," ते म्हणाले. "एसटी स्टँडवर माणूस शेंगा खात उभा असतो. त्याला आधी धक्का द्यावा लागतो. धक्का नाही दिला तर तो शेंगाच खातो. मला भीतीच्या जागी दुसरं काहीतरी द्या. मी लगेच बदलतो."

माझ्याकडे तेवढं नव्हतं. काय कमी आहे ते मला सांगता येत होतं. तिथे काय असायला हवं ते येत नव्हतं. मी आईकडे बघितलं.

आईची एक सवय होती. स्टुडिओत कुठलाही मजकूर वाचण्याआधी ती विचारायची, ऐकणारीच्या हातात आत्ता काय आहे? तरुण निवेदक त्यावरून तिची थट्टा करायचे. कृषिवार्ता वाचायला जाताना म्हणायचे, मावशी, शेतकऱ्याच्या हातात विळा आहे, जाऊ का आता? ती हसायची, पण विचारल्याशिवाय वाचायची नाही. दुपारी रेडिओ ऐकणारी बाई कधीच रिकामी नसते, असं ती म्हणे. तिच्या हाताला पीठ लागलेलं असतं. तिने काही करावं असं वाटत असेल तर आधी त्या पिठाचा विचार करा.

"या बाईच्या हातात काय आहे?" आईने पडद्याकडे बोट दाखवून विचारलं.

"कुठल्या बाईच्या?" परचुरे म्हणाले. "फिल्ममध्ये बाई नाहीच. मुलगी आहे."

"तेच म्हणतेय मी. मुलगी आहे, राक्षस आहे, डॉक्टर आहेत. जिने ऐकायचं ती कुठंय?"

तडवींनी हातातलं पेन खाली ठेवलं.

आई मग सावकाश सांगू लागली. मूल कधी येऊन म्हणत नाही की माझ्यावर अत्याचार झाला. त्याच्याकडे तो शब्दच नसतो. ते म्हणतं, मला क्लासला नाही जायचं. मला त्या काकांच्या गाडीवर नाही बसायचं. ते भलत्या वेळी म्हणतं, आपण घाईत असताना, कारण आपण निवांत असताना त्याच्याकडे बघत असतो आणि आपण बघत असताना ते बोलू शकत नाही. म्हणून जाहिरातीत एवढंच असावं. कढईत रवा भाजल्याचा आवाज. उलथणं फिरतंय. मूल म्हणतं, आई, मला क्लासला नाही जायचं. उलथणं थांबतं. गॅस बंद केल्याचा आवाज. मग ती म्हणते, बरं. सांग. आणि मग काही नाही. शांतता. त्यानंतर तडवींच्या फोनचा नंबर.

"बास?" परचुरेंनी विचारलं.

"बास."

मी माझ्या हातांकडे बघत होते. तो आवाज मला माहीत होता.

मी नऊ वर्षांची होते. आठवड्यातून दोनदा पेटीच्या क्लासला जायचे, पेटीच्या परीक्षाही द्यायचे. सर आमच्याच गल्लीत राहायचे, गणपतीत आरतीला त्यांचीच पेटी असायची. आई शिऱ्यासाठी रवा भाजत होती. मी दाराच्या चौकटीला टेकून ते वाक्य म्हटलं, दुसरीकडे बघत. उलथणं थांबलं. गॅस बंद झाला. ज्योत विझताना फप् असा बारीक आवाज होतो, तो झाला. आई पदराला हात पुसत खाली फरशीवर बसली, माझ्या उंचीला आली आणि म्हणाली, बरं. सांग. मला सांगायला किती वेळ लागला ते मला ठाऊक नाही. ती मध्ये एकदाही बोलली नाही. सगळं ऐकल्यावर एवढंच म्हणाली की तुझं काही चुकलेलं नाही, आता हे माझं काम. संध्याकाळी बाबा आणि ती दोघं पोलिसांकडे गेली. सरांची पेटी आरतीला पुन्हा वाजली नाही. कढईतला रवा रात्रीपर्यंत तसाच होता, अर्धा पांढरा, अर्धा तांबूस.

त्यानंतर आमच्या घरी त्याबद्दल बोललं जायचं ते फक्त मी काढलं तर. आईने कधी स्वतःहून काढलं नाही, आणि मी काढलं तर कधी टाळलं नाही.

परचुरे उठून खिडकीपाशी गेले. "मॅडम, आवडलं मला," ते म्हणाले. "खरंच. पण मला दोन अडचणी आहेत. पहिली, रेडिओवर शांतता म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको."

नकोच होतं. शांतता हा तिच्या नोकरीतला सगळ्यात मोठा गुन्हा होता. दोन कार्यक्रमांच्या मध्ये आवाज तुटला की लोकांना वाटतं स्टेशन बंद पडलं. निवेदकाला लेखी खुलासा द्यावा लागतो. आईला झोपेतसुद्धा स्वप्न पडायचं ते हेच, की माइक चालू आहे आणि वाचायला कागद नाही.

"आणि दुसरी?" आई म्हणाली.

"लोक विचारतील, गॅस बंद करून काय होतं? एक खरी गोष्ट द्या मला. नाव बदलू, गाव बदलू, मुलगा करू मुलीचा. कुठेतरी कुणीतरी असा गॅस बंद केला आणि एक मूल वाचलं. तेवढं शेवटी आलं की मी ही फिल्म आत्ता डब्यात टाकतो."

हे मी दरवर्षी शिकवते. आकडा लोक विसरतात, माणूस विसरत नाहीत. एका खऱ्या माणसाची साक्ष भीतीपेक्षा, दयेपेक्षा, कुठल्याही डॉक्टरपेक्षा भारी पडते. आणि आईकडची साक्ष तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती. तिने माझं नावही घ्यायची गरज नव्हती. एका घरात असं झालं, एवढं म्हटलं असतं तरी तिच्या आवाजात ते पुरलं असतं. मी नको म्हटलं नसतं. मला वाटतं तिलाही ते ठाऊक होतं. पण मी श्वास धरून बसले होते, हेही खरं.

"तुमच्याकडे आहे का अशी गोष्ट?" परचुरेंनी विचारलं.

"आहे."

तडवींनी मान वर केली.

"पण ती देता येणार नाही," आई म्हणाली.

"का, ताई?" तडवींनी हळू विचारलं. "तुमच्या शब्दावर सगळं थांबलंय."

"माझी नाही ती."

खाली वखारीत कुणीतरी क्रेट आपटले. मला वाटलं आता झालं. सोमवारी सावलीच लागणार, दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात. तडवीही बहुधा तेच समजले. ते लाल फोनकडे बघत होते.

तेवढ्यात चहा आला. आईने किटली आपल्याकडे ओढून घेतली आणि ग्लास मांडायला लागली.

"परचुरे," ती म्हणाली, "एक काम करा. ते वाक्य मला म्हणा."

"कुठलं?"

"मला क्लासला नाही जायचं."

परचुरे हसले. "मॅडम, मी रोज रडायचो तरी आईने क्लासला पाठवलं, म्हणून तर आज जाहिराती करतोय."

"म्हणूनच अशा करता का?" तडवी म्हणाले.

तेवढ्यापुरतं सगळे हसले. मग परचुरे टेबलापाशी आले, दोन्ही हात मागे बांधून शाळेतल्या मुलासारखे उभे राहिले आणि लाडिक आवाज काढून म्हणाले, "आई, मला क्लासला नाही जायचं."

आई चहा ओतत होती. तिने ओतणं थांबवलं नाही, वर बघितलं नाही. "का रे, परीक्षा तोंडावर आलीय ना?" ती म्हणाली, आणि पुढचा ग्लास ओढला.

तडवी पुन्हा हसले. म्हणाले, हुबेहूब आमच्या घरातलं. परचुरेही हसले. मी हसले नाही. त्या वाक्यावर मी आईकडे बघितलं, पण ती ग्लासात बघत होती.

"आता परत म्हणा," ती म्हणाली.

परचुरेंनी परत म्हटलं. या वेळी लाडिक आवाज जरा कमी झाला होता.

आईने किटली खाली ठेवली. हात पुसले. खुर्ची त्यांच्याकडे वळवली, खुर्चीचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज झाला. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे फार रोखून बघितलं नाही; जरा बाजूला, खांद्याच्या जवळपास बघितलं.

"बरं," ती म्हणाली. "सांग."

आणि थांबली.

कूलर चालला होता. परचुरेंच्या चेहऱ्यावरचं हसू आधी तसंच राहिलं, मग त्यांना ते कुठे ठेवावं कळेना. त्यांनी मागे बांधलेले हात सोडले. ते तडवींकडे बघायला गेले, पण अर्ध्यातच परत आईकडे वळले. ती तशीच बसून होती. घाई नाही, काळजीचा चेहरा नाही. जगात तिला दुसरं काही काम नाही, अशी. मी बाजूला बसूनही मला तिच्यासमोर बसल्यासारखं वाटलं. चाळिशीचा, दाढीत पांढरं आलेला तो माणूस तिथे उभा होता आणि खोलीतली शांतता लांबत चालली होती. पण ती शांतता बंद पडलेल्या स्टेशनची नव्हती. त्यात कुणीतरी होतं.

"पुढचं वाक्य मला माहीत नाही," परचुरे शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज त्यांच्या नेहमीच्या आवाजापेक्षा खाली होता.

"मुलालाही माहीत नसतं," आई म्हणाली. "तेवढा वेळ द्यायचा असतो. तेवढीच जाहिरात आहे."

परचुरे खुर्चीवर बसले. त्यांनी चहाचा ग्लास घेतला, प्यायला विसरले, परत ठेवला. मग म्हणाले की तीन सेकंदांची शांतता ते स्टेशनकडून मागून बघतील. आई म्हणाली, पाच. ते म्हणाले, पाच सेकंदांत लोक स्टेशन बदलतील. आई म्हणाली, पिठाच्या हाताने कुणी स्टेशन बदलत नाही. त्यावर ते खरोखर हसले आणि म्हणाले, पाच.

"आणि हे दोन्ही घ्या," ती म्हणाली. "आधी परीक्षेचं वाक्य. मग पोरगं परत येतं. मग गॅस. पहिल्या वेळी सगळ्यांचं चुकतं हे बायकांना कळू दे. नाहीतर ज्यांचं चुकलंय त्या फोन करणार नाहीत. लाजेने करणार नाहीत."

तडवींनी खाली बघत डोळ्यांवरून हात फिरवला. म्हणाले, केळ्याच्या धुरीचा त्रास होतो कधीकधी.

परतताना आम्ही रिक्षा केली. आई कडेला बसली होती, पर्स मांडीवर. उन्हं कलली होती.

"मी चालवून घेतलं असतं," मी म्हटलं. "तू सांगितलं असतंस तर."

"माहितीय मला."

"मग? जिंकली असतीस लगेच. त्यांनी मागितलंच होतं."

"म्हणून तर," आई म्हणाली. "आज मी दिलं असतं, उद्या ते रेडिओवर गेलं असतं. नाव बदलून का होईना. भाजी चिरताना कुणीतरी म्हणालं असतं, बिचारी. तू घरात बसून ते ऐकलं असतंस. तू कधी सांगायचं, कुणाला, की कुणालाच नाही, ते तुझं आहे. माझा कार्यक्रम चांगला व्हावा म्हणून मी ते कशाला उचलू?"

रिक्षा सिग्नलला थांबली.

"पण परीक्षेचं वाक्य," मी म्हटलं.

तिने रस्त्याकडे तोंड वळवलं.

रवा भाजला त्याच्या आधीच्या आठवड्यातला एक दिवस होता. त्या दिवशी मी पहिल्यांदा सांगितलं होतं. आई ड्यूटीवर निघाली होती, आरशासमोर पदराला पिन लावत होती आणि दुपारचा मजकूर पुटपुटत होती. का गं, परीक्षा तोंडावर आलीय ना, असं आरशात बघत म्हणाली आणि गेली. मी त्या संध्याकाळी क्लासला गेले. पुढच्या आठवड्यात मी परत सांगितलं, तेव्हा गॅस बंद झाला. ते पहिलं वाक्य मी तिला कधीच बोलून दाखवलं नव्हतं. मला वाटायचं ती ते विसरली असेल, आणि विसरली असेल तर बरं.

"तुला आठवतं ते?" मी विचारलं.

"रोज." ती रस्त्याकडे बघत होती. "त्या सगळ्यात तेवढंच माझं होतं, वृंदा. जे माझं होतं ते मी दिलं."

रिक्षा सुरू झाली. तिने पर्सवरचा एक हात काढून माझ्या हातावर ठेवला आणि घर येईपर्यंत ठेवला.

जाहिरात सोमवारी लागू शकली नाही, आठवडाभराने लागली. मुलाचा आवाज कुणाचा घ्यायचा यावर वाद झाला. कढईचा आवाज स्टुडिओत नीट येईना, म्हणून आईने घरची कढई आणि शेगडी नेली. तडवींचा फोन वाजायला लागला. पहिल्या आठवड्यातच बायका फोन करून आधी एकच गोष्ट सांगायच्या, असं ते म्हणाले होते. आमचंही पहिल्यांदा असंच झालं हो, म्हणायच्या; आणि मग पुढचं सांगायच्या.

आई या पौषात गेली. भेटायला आलेले लोक तिच्या आवाजाबद्दल बोलले. रेडिओवरच्या एकाने तिचे जुने कार्यक्रम जमवून मला पाठवले. पापडांचे, लसींचे, उन्हाळ्यातल्या ताकाचे. खूप तास आहेत. मी ते अजून ऐकलेले नाहीत. ऐकते ती फक्त ती जाहिरात, जी मी वर्गात कितीतरी वेळा लावली आणि जिच्यावर विद्यार्थ्यांकडून पानंच्या पानं लिहून घेतली. तीत भीती नाही, आकडे नाहीत, तरी ती का वळवते, असा प्रश्न मी देते.

त्या पाच सेकंदांबद्दल एक गोष्ट मी वर्गात सांगत नाही. रेकॉर्डिंग झाल्यावर तंत्रज्ञ म्हणाला होता की शांततेत तुमचा श्वास येतोय, मी तो काढून टाकतो, स्वच्छ होईल. आई म्हणाली, राहू दे. समोर कुणीतरी बसलंय हे पोराला कळायला नको?

उलथणं थांबतं. गॅस बंद होतो. बरं, ती म्हणते, सांग. मी आवाज वाढवते, आणि ती श्वास घेत असते.